वाचकांचे प्रश्न : अंगणातला फ्लडलाइट घरीच बांधताना

गेट, कंपाउंड, मागची बोळ, गोठा अशा जागांसाठी एलईडी फ्लडलाइट घरी तयार करण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. २३० व्होल्टचं कोणतंही काम एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून मगच सुरू करायचं. हे प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिलेलं नाही, पण प्रत्येक उत्तराला ते लागू आहे.

प्रश्न : बंगल्याभोवती साधारण २० बाय ३० मीटरचं आवार आहे. पूर्वी ५०० वॉटचा एक हॅलोजन होता. त्याऐवजी १०० वॉटचा एक एलईडी लावू की चार लहान? (संगमनेर)

चार लहान. प्रत्येकी २० वॉटचे पुरतात.

घरगुती २० वॉटच्या दिव्यातून काचेबाहेर साधारण १८०० ल्युमेन उजेड येतो. उघड्या, लेन्स नसलेल्या एलईडीचा उजेड समोर सर्वांत जास्त असतो आणि बाजूंना कमी होत जातो. त्या हिशेबाने दिव्याच्या अगदी समोर ६ मीटरवर सुमारे १६ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळतात आणि १२ मीटरवर फक्त ४. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून एकाच कोपऱ्यात वॉट वाढवत गेलं, तर जवळची भिंत पांढरीफटक होते आणि लांबचं टोक अंधारातच राहतं. तुलनेसाठी सांगायचं, तर पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे ४ लक्स काही वाईट नाहीत. माणूस आहे की कुत्रं, हे त्यात सहज कळतं. चेहरा ओळखायचा असेल, तर गेटपाशी १० लक्सच्या वर ठेवा.

दिवा ३ ते ३.५ मीटर उंचीवर घ्या आणि तोंड चांगलं खाली करा. उजेडाचा मध्य भिंतीपासून ५-६ मीटरवर जमिनीला टेकला पाहिजे. दिवा आडवा, रस्त्याकडे तोंड करून लावणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. त्याने बाहेरून येणाऱ्याचे डोळे दिपतात हे खरं, पण घरातून बघणाऱ्याला दिव्यापलीकडचं काही दिसत नाही आणि रस्त्यावरच्या दुचाकीवाल्याला खड्डा दिसत नाही. कॅमेऱ्याच्या समोर तर असा दिवा कधीच नको. दोन दिव्यांचा उजेड एकमेकांत थोडा मिसळू द्या, म्हणजे झाडामागे आणि पाण्याच्या टाकीमागे गडद सावली राहत नाही.

प्रश्न : सुट्या भागांपासून २० वॉटचा दिवा बांधायचा आहे. नेमकं काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने जोडायचं? (पुणे)

पत्र्याचा डबा किंवा पाइप कापून बॉडी बनवण्याच्या फंदात पडू नका. काच, रबर आणि स्टँडसकट ॲल्युमिनियमची रिकामी हाउसिंग मिळते. तुम्हाला तपकीर गल्लीत, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळेल. हाउसिंग ३० वॉटची घ्या, सीओबी एलईडीही (एकाच पट्टीवर अनेक बारीक चिप बसवलेला) ३० वॉटचा, ३० ते ३६ व्होल्टचा घ्या आणि ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टवरून एलईडीला करंट पुरवणारा भाग, मात्र २० वॉटचा, ६०० मिलिअँपियरचा. ३० वॉटच्या एलईडीची पूर्ण ताकद ९०० मिलिअँपियरला असते. त्याला दोन तृतीयांश करंटवर चालवलं की तो कमी तापतो आणि कितीतरी जास्त टिकतो. चार पैसे जास्त जातात, पण या दिव्यात पैसे टाकायची हीच योग्य जागा आहे.

ड्रायव्हर कॉन्स्टंट करंट (करंट कायम ठेवणारा) आणि आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुट आतून एकमेकांना न जोडलेले) हवा. ३६ व्होल्टचा साधा अडॅप्टर चालत नाही. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो. अडॅप्टर व्होल्टेज कायम धरून ठेवतो, त्यामुळे करंट चढतो, एलईडी आणखी तापतो आणि हे चक्र तो जळेपर्यंत चालतं. आयसोलेटेड आहे की नाही, हे घरी तपासता येतं. ड्रायव्हर कुठेही न जोडता मल्टिमीटर डायोडवर ठेवा. एक सुई इनपुटच्या एका वायरला, दुसरी आउटपुटच्या एका वायरला, आणि मग सुया उलटून. इनपुट-आउटपुटच्या चारही जोड्यांत मीटरने काहीच दाखवलं नाही तर ठीक. कुठे आकडा स्थिरावला, तर तो ड्रायव्हर दुकानदाराला परत करा.

बाकी सामान : हीट सिंक कंपाउंडची छोटी ट्यूब, १ अँपियरचा फ्यूज होल्डरसकट, १४डी४७१ नंबरचा एमओव्ही (व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा भाग), पीजी९ ग्लँड (वायर आत नेताना भोवतीची फट बंद करणारी), पाऊण चौरस मिलिमीटरची तीन कोअरची गोल वायर एक मीटर, उष्णतेला टिकणारी स्लीव्ह आणि एम३ स्क्रू.

आता क्रम. हाउसिंगच्या आतली एलईडीची जागा बोट फिरवून पाहा. रंगाचा थेंब किंवा ओतकामाचा खरखरीत उंचवटा लागला, तर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून ती सपाट करा. एलईडीला वायरी आधीच, बाहेर टेबलावर सोल्डर करा. एकदा तो ॲल्युमिनियमवर बसला की सगळी उष्णता खाली पळते आणि टाका कोरडा राहतो. मग एलईडीच्या पाठीला कंपाउंड लावा, पोळीला तूप चोपडतो तितकंच. जाड थर लावणारे बरेच असतात, पण कंपाउंडचं काम फक्त धातू-धातूमधल्या बारीक फटी भरायचं आहे. जाड थर उलट उष्णता अडवतो. एलईडी ठेवून किंचित डावी-उजवीकडे घासा आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत न्या. एक कोपरा आधी पूर्ण आवळला, तर समोरचा उचलला जातो आणि तिथले चिप महिन्याभरात काळे पडतात. एलईडीच्या मधल्या पिवळ्या भागावर बोट दाबू नका. त्या मऊ थराखाली केसाहून बारीक तारा असतात.

फेज आधी फ्यूजमध्ये, फ्यूजनंतर फेज-न्यूट्रलच्या मध्ये एमओव्ही, मग ड्रायव्हर. हा क्रम उलटा करू नका. विजेचा झटका आला किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टच्या आसपास आले, तर एमओव्ही स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूज त्याच्या आधी नसेल, तर तो एमओव्ही पेट घेऊ शकतो. हिरवी वायर हाउसिंगच्या अर्थिंगच्या स्क्रूला, रंग खरवडून, रिंग लग लावून.

एलईडी आधी ड्रायव्हरला जोडा आणि मगच वीज द्या. रिकाम्या चालू ड्रायव्हरच्या टोकांना व्होल्टेज जास्त चढलेला असतो. त्याला एलईडी टेकवला की एका क्षणात करंटचा लोंढा येतो आणि नवा एलईडी तिथेच मरतो. दिवा ‘लावताच गेला’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

पहिल्या चाचणीला एलईडीच्या सीरिजमध्ये मल्टिमीटर डीसी १० अँपियरवर लावा. ०.५७ ते ०.६३ च्या मध्ये आकडा यावा. दिवा तासभर चालू ठेवा, मग बंद करून लगेच हाउसिंगच्या पाठीला बोट लावा. पाच सेकंद बोट टेकवून ठेवता आलं तर काम नीट झालं. हात झटकावा लागला तर हाउसिंग लहान पडते आहे किंवा एलईडी नीट टेकलेला नाही. स्वतः हीट सिंक निवडणाऱ्यांसाठी हिशेब असा : २० वॉटपैकी सुमारे १४ वॉट उष्णता होते आणि दर वॉट उष्णतेमागे ५० ते ६० चौरस सें.मी. उघडा पृष्ठभाग लागतो. म्हणजे ७०० ते ८५० चौरस सें.मी., तोही मोकळ्या हवेत. दिव्याची पाठ भिंतीला चिकटवली तर हा हिशेब कोसळतो. मागे निदान पाच सें.मी. जागा सोडा.

प्रश्न : थेट २३० वर चालणारी, ड्रायव्हर वर बसवलेली एलईडी प्लेट फार स्वस्त मिळते. ती हाउसिंगमध्ये बसवली तर? शिवाय जुन्या दिव्यातला काळा पडलेला चिप शॉर्ट करून दिवा चालू होतो असं ऐकलं. (सोलापूर)

या प्लेटला बाजारात डीओबी म्हणतात. तिच्यात वीज आणि एलईडी यांच्यामध्ये काहीच आड नसतं. प्लेटवरचा प्रत्येक टाका फेजला जोडलेला असल्यासारखाच धरायचा. प्लेट आणि हाउसिंग यांच्यामध्ये उरतो तो कागदासारखा पातळ इन्शुलेशनचा थर. पावसाळ्यात ओल शिरली, अर्थिंग कुचकामी असलं आणि कोणी लोखंडी शिडी लावून दिव्याला हात घातला, तर काय होईल ते सांगायला नको. बाहेरच्या, हात पोहोचेल अशा जागी ही प्लेट आम्ही सुचवणार नाही. विजेचा चढउतारही ती सोसत नाही.

काळा ठिपका पडलेला चिप सोल्डरने शॉर्ट केला की माळ पुन्हा पेटते, हे खरं. पण तेवढा व्होल्टेज आता उरलेल्या चिपांवर आणि आयसीवर येतो. एक गेला म्हणजे बाकीचेही तितकेच भाजलेले असतात. वेगळा ड्रायव्हर असलेल्या दिव्यात एखादा चिप असा वगळून महिना-दोन महिने काढता येतात. डीओबीमध्ये हा उद्योग करूच नका.

दिवा काही मिनिटं चालून आपोआप विझतो आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतो, अशी तक्रार असेल तर चिपच्या आतली तार तुटलेली असते. तापल्यावर सुटते, गार झाल्यावर टेकते. तिथे एलईडीच बदलावा लागतो. दर सेकंदाला लुकलुकत असेल तर आधी ड्रायव्हर बदलून पाहा.

प्रश्न : दोन पावसाळ्यांत तीन दिवे गेले. काचेच्या आत पाणी साचतं. दर वेळी कडेने सिलिकॉन भरतो, तरी तेच. (चिपळूण)

पाणी काचेच्या कडेने कमी आणि वायरीतून जास्त येतं. रात्रभर तापलेल्या हाउसिंगवर सर कोसळली की आतली हवा एकदम आकसते आणि हाउसिंग श्वास आत ओढल्यासारखी जिथून मिळेल तिथून हवा खेचते. त्या वेळी वायरीच्या कापलेल्या टोकाला पाणी असेल, तर ते वायरीच्या आतल्या पोकळीतून थेंब थेंब करत थेट ड्रायव्हरवर पोहोचतं. म्हणजे चूक दिव्यात नसते, भिंतीवरच्या उघड्या जोडात असते. जोड इन्शुलेशन टेपवर सोडू नका. झाकणाला रबर असलेल्या पीव्हीसी बॉक्समध्ये, खालून ग्लँड देऊन करा. ग्लँड गोल वायरीवरच पाणी अडवतो. दोन सुट्या वायरी त्यातून नेल्या तर मधली फट उघडी राहते. दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला हाताएवढा झोळ द्या, ग्लँडच्या पातळीखाली. पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतं.

हाउसिंगला खालच्या बाजूला, लावल्यावर सर्वांत खाली येईल तिथे, २ मि.मी.चं एकच भोक ठेवलं तर दाब तिथून सुटतो आणि आतली वाफही निघते. विचित्र वाटेल, पण कोकणातल्या दमट हवेत घट्ट बुजवलेल्या दिव्यापेक्षा असं भोक असलेला दिवा कोरडा राहतो. भोकावर आतून कापडाचा तुकडा चिकटवा, म्हणजे मुंग्या शिरत नाहीत.

तुमच्या सिलिकॉनबद्दल. ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते या कामाला नको. त्यातून ॲसिडची वाफ निघते, ती तांब्याला हिरवं करते आणि एलईडीच्या आतली चांदीची चकाकी काळवंडवते. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा आणि ती लावल्यावर काच बंद करण्याआधी पूर्ण दिवस उघडं ठेवा. समुद्राजवळ स्टँडचे स्क्रू स्टेनलेसचेच वापरा.

प्रश्न : हालचालीवर लागणारा सेन्सर डिसेंबरात उत्तम चालतो, मे महिन्यात माणूस दोन मीटरवर आला तरी दिवा लागत नाही. (नागपूर)

सेन्सर बिघडलेला नाही. त्यातला पीआयआर, म्हणजे शरीराची उष्णता ओळखणारा सेन्सर, हालचाल बघत नाही, मागच्या भिंतीपेक्षा वेगळं तापमान सरकताना बघतो. माणसाची कातडी ३३-३५ अंशांची. मे महिन्यात तुमच्याकडे पश्चिमेची भिंत रात्री दहालाही तेवढीच तापलेली असते, मग फरक उरतो कुठे? दोन उपाय आहेत. सेन्सरला उन्हात तापणारी भिंत किंवा फरशी न दिसता झाडी किंवा माती दिसेल असं वळवा. एवढ्याने भागलं नाही, तर त्या एका जागी मायक्रोवेव्ह सेन्सर लावा. त्याला तापमानाशी घेणं नाही. पण तो प्लास्टिक आणि पातळ भिंतीपलीकडचंही बघतो, त्यामुळे संवेदनशीलता कमी करत करत आणावी लागते; नाहीतर बोळातून जाणाऱ्या प्रत्येकासाठी दिवा लागेल. धातूच्या झाकणामागे तो आंधळा होतो.

पीआयआरची जागाही तपासा. तो २ ते २.५ मीटरवर हवा आणि येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जायला हवा. सरळ सेन्सरकडे चालत येणारा त्याला फार उशिरा कळतो. म्हणून गेटच्या समोर न लावता गेटच्या बाजूच्या भिंतीवर लावा. भिंगावरचं कोळ्याचं जाळं दर महिन्याला पुसा. जाळ्यावरचा कोळी सेन्सरला माणसाएवढा मोठा वाटतो.

प्रश्न : स्विच बंद केल्यावरही दिवा मंद तेवत राहतो. (बेळगाव)

आधी स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे टेस्टरने बघा. न्यूट्रलवर असेल तर बदलून फेजवर घ्या, बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं. स्विचमध्ये इंडिकेटरचा लाल दिवा असेल तर त्याच्यातूनही थोडा करंट जातो. लांबवर शेजारी शेजारी पळणाऱ्या वायरींमुळे तेवत असेल, तर दिव्याच्या फेज-न्यूट्रलला ०.२२ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर लावा. एक्स२ लिहिलेलाच हवा, साधा नको.

प्रश्न : रात्री वीज जाते, तेव्हाच दिव्याची गरज असते. १२ व्होल्टची बॅटरी, सोलर आणि सेन्सर असा दिवा कसा करायचा? (अंबाजोगाई)

३ वॉटचे तीन एलईडी, चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम प्लेटवर बसवलेले, सीरिजमध्ये घ्या. ६५० मिलिअँपियरला तीन मिळून साधारण १० व्होल्ट घेतात, म्हणजे साडेसहा वॉट. बॅटरीतून साधारण ०.६ अँपियर जातो. १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, नाहीतर ती वर्षभरात बसते. वापरायचे साडेतीन अँपियर-तास. सलग चालवला तर पाच-सहा तास. सेन्सरवर, रात्रीत ४० वेळा दोन-दोन मिनिटं लागला तर एका रात्रीत एक अँपियर-तासही खर्च होत नाही. तीन ढगाळ दिवस सहज निघतात. पॅनल २० वॉटचं, दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी १८-२० अंशांचा उतार देऊन बसवा.

सेन्सर एचसी-एसआर५०१ घ्या. तो ५ ते २० व्होल्टवर चालतो आणि आउटपुट ३.३ व्होल्टचा देतो. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. हाताशी असलेला आयआरएफझेड४४एन मॉसफेट (गेट, सोर्स आणि ड्रेन अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) या ३.३ व्होल्टला पूर्ण उघडत नाही, अर्धवट राहून तापतो आणि दिवा मंद लागतो. आयआरएलझेड४४एन घ्या, मधल्या ‘एल’ने सगळा फरक पडतो. सेन्सरचा आउटपुट २२० ओहममधून गेटला, गेट ते सोर्स १० किलोओहम. सोर्स मायनसला, ड्रेन बक मॉड्यूलच्या (व्होल्टेज उतरवणाऱ्या तयार सर्किटच्या) इनपुटच्या मायनसला. एक्सएल४०१५चं, व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता येणारं मॉड्यूल चांगलं. एलईडी न लावता व्होल्टेज ११ वर ठेवा, मग आउटपुट मल्टिमीटरच्या १० अँपियर रेंजने शॉर्ट करून करंट ०.६५ वर आणा आणि मगच एलईडी जोडा. या मॉड्यूलचा आउटपुटचा मायनस आणि इनपुटचा मायनस एक समजून जोडू नका. करंट मोजणारा रेझिस्टर त्या दोघांच्या मधेच असतो. तो बायपास झाला की करंटची मर्यादाच संपते.

सेन्सर आणि दिवा, दोन्हींना वीज सोलर चार्ज कंट्रोलरच्या लोडच्या टोकांवरूनच द्या. काही कंट्रोलर मायनस तोडतात. एक वायर बॅटरीवरून आणि एक लोडवरून घेतली तर बॅटरी वाचवणारा कटऑफ चालत नाही. कंट्रोलरला आधी बॅटरी, नंतर पॅनल जोडायचं. बॅटरीच्या प्लसला अगदी लगत ३ अँपियरचा फ्यूज. सेन्सरच्या पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की उगाच लागणं थांबतं. वीज दिल्यावर पहिलं मिनिटभर सेन्सर मनमानी करतो, तेवढं थांबून मगच तपासा.

प्रश्न : नव्या हाउसिंगमधून तपकिरी, निळी आणि पिवळी-हिरवी वायर आली आहे. आपल्या घरात लाल, काळी, हिरवी. कोणती कशाला? (ठाणे)

तपकिरी म्हणजे फेज, लालला. निळी म्हणजे न्यूट्रल, काळीला. पिवळी-हिरवी अर्थिंगला. लक्षात ठेवा, आपल्याकडच्या थ्री-फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज असतात. दिव्याची निळी ‘निळीला निळी’ म्हणून त्या निळीला जोडली, तर दिव्यावर ४०० व्होल्ट येतात. रंगावर न जाता टेस्टर लावा. बाहेरच्या सगळ्या दिव्यांच्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच.

प्रश्न : उसालगतच्या गोठ्याला बिबट्याच्या भीतीने रात्रभर दिवा ठेवतो. किडे इतके येतात की जनावरं बेजार होतात. (जुन्नर)

पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या ऐवजी ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी लावा. किड्यांना निळ्या आणि अतिनील उजेडाची ओढ असते, पिवळसर उजेडात तो भाग कमी, म्हणून किडेही कमी येतात. दिवा गोठ्याच्या आत किंवा दारावर नको. गोठ्यापासून ५-६ मीटर लांब खांबावर लावून तोंड ऊस आणि गोठा यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्याकडे, खाली करा. मग किडे खांबाकडे राहतात आणि गुरांना अंधारात रवंथ करता येतं. त्या पट्ट्यातलं गवत काढून टाका, उजेड पडूनही दडायला जागा राहू नये.

रात्रभर जळणाऱ्या दिव्याला प्राणी सरावतात. त्यामुळे १० वॉटचा एक दिवा कायम आणि ३० वॉटचा एक सेन्सरवर, अशी जोडी ठेवा; अचानक लागलेल्या दिव्याने तुम्हालाही घरातून कळतं की बाहेर काहीतरी आलं आहे. पण दिव्यावर विसंबून गोठ्याची बाजू उघडी ठेवू नका. जाड तारेची जाळी छतापर्यंत आणि आतून-बाहेरून कडी लागणारं दार आधी, दिवा त्यानंतर.